मेथीची जुडी, काळा ओटा आणि सकाळचे ऊन: दृक्प्रत्ययवादी तैलचित्रासाठी रोजचे विषय कसे शोधावेत

तैलरंगांच्या ट्यूब आणून झालेल्या असतात, कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवलेला असतो, रविवारची सकाळ मोकळी असते आणि तरीही काय रंगवावे हे सुचत नाही, अशी वेळ बहुतेक नवशिक्यांवर पहिल्याच महिन्यात येते. मग माणूस मोबाइलमध्ये कुणाच्या तरी सहलीतला सूर्यास्त शोधू लागतो, नाही तर ‘एकदा माथेरानला जाऊन येऊ, मग सुरुवात करू’ असे म्हणून सगळे साहित्य माळ्यावर टाकतो. माझी पहिली दोन वर्षे अशीच गेली. ज्यांना ती वाचवायची असतील त्यांच्यासाठी हा लेख आहे. घरात, जिन्यात, बाजारात, बसथांब्यावर रोज दिसणाऱ्या गोष्टींतून दृक्प्रत्ययवादी पद्धतीच्या तैलचित्राला विषय कसा मिळवायचा आणि मिळाल्यावर तो त्याच बैठकीत कॅनव्हासवर कसा उतरवायचा, याची एक रीत मी चुकतमाकत बसवली आहे. ती येथे क्रमाने सांगतो.

आधी थोडा इतिहास

पॅरिसमध्ये १८७४च्या एप्रिल महिन्यात, नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत, काही चित्रकारांनी सरकारी प्रदर्शनाच्या वाटेला न जाता स्वतःचे प्रदर्शन भरवले. क्लोद मोनेने त्यात ल हाव्र बंदरातल्या सकाळचे एक चित्र मांडले होते आणि त्याच्या नावात ‘इम्प्रेशन’ हा शब्द होता. लुई लरुआ या टीकाकाराने ‘ल शारिव्हारी’ या पत्रातून त्या शब्दावरून सगळ्यांचीच टर उडवली, आणि टिंगलीसाठी वापरलेले नाव पुढे चळवळीला कायमचे चिकटले. मराठीत आपण त्याला दृक्प्रत्ययवाद म्हणतो. शब्द जड वाटला तरी चपखल आहे, कारण वस्तूबद्दलची आपली माहिती बाजूला ठेवून त्या घटकेला डोळ्यांना जो प्रत्यय आला तो रंगवायचा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

या मंडळींनी रंगवले काय, ते आपल्या कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. मोनेने १८७७ साली सँ-लाझार रेल्वे स्थानकाची बारा चित्रे केली, ती मुख्यतः इंजिनांच्या वाफेची आणि काचेच्या छपरातून उतरणाऱ्या उजेडाची आहेत. ग्युस्ताव्ह कायबोतने घराची लाकडी जमीन तासणारे मजूर रंगवले. बर्थ मोरिसोने पाळण्यातल्या बाळाकडे पाहत बसलेली आपली बहीण रंगवली, एदगार देगाने इस्त्री करणाऱ्या बायका रंगवल्या, आणि अल्फ्रेड सिसलीने १८७६ साली पोर्-मार्ली गावात शिरलेले पुराचे पाणी रंगवले. देवदेवता, राजे आणि लढाया यांच्याच चित्रांना मोठे मानणाऱ्या तेव्हाच्या रसिकांना हे सगळे क्षुल्लक वाटले असल्यास नवल नाही. जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली रंग भरायच्या धातूच्या ट्यूबचे पेटंट घेतले होते. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवावे लागत. ट्यूब खिशात टाकून नदीकाठी जाता येऊ लागले, म्हणून उघड्यावर बसून एका बैठकीत तैलचित्र करणे सोपे झाले.

एदुआर माने या मंडळींचा स्नेही होता, पण त्यांच्या प्रदर्शनांत त्याने कधी भाग घेतला नाही. त्याने १८८० साली शतावरीच्या कोवळ्या कोंबांची, तिकडे भाजी म्हणून खातात त्या, एक जुडी रंगवली. किंमत ठरली ८०० फ्रँक. घेणाऱ्या शार्ल एफ्रुसीने १,००० फ्रँक पाठवले. तेव्हा मानेने एकाच कोंबाचे आणखी एक छोटे चित्र करून त्याला धाडले आणि ‘तुमच्या जुडीतला एक राहिला होता’ असे कळवले. भाजीवाल्याने वर एक मिरची टाकावी तसा हा हिशेब. कधी विषय सुचेनासा झाला की मला ही गोष्ट आठवते आणि मी मंडईची पिशवी उघडतो.

पहिली पायरी: दहा दिवस नुसती वही

पहिले दहा दिवस रंगाला हात लावू नये. खिशात मावेल अशी एक वही घ्यावी आणि दिवसातून दोनदा, वाटेल तिथे, दोन मिनिटे थांबून चार गोष्टी लिहाव्यात: वेळ, उजेड कोणत्या बाजूने येतो आहे, समोरच्या दृश्यातली सर्वांत उजळ जागा कोणती, आणि सावलीचा रंग कोणता दिसतो. वस्तूंची यादी करायची नाही. ‘खुर्ची, खिडकी, कुंडी’ असे लिहून चित्राला काही मिळत नाही. ‘खुर्चीच्या पाठीवर तिरीप, तिच्याखाली जांभळट सावली’ असे लिहिले तर मिळते.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यादाखल देतो: ‘सकाळी ७.४०. जिन्याचा दुसरा टप्पा. ऊन उजवीकडच्या जाळीतून. सर्वांत उजळ जागा म्हणजे दूधवाल्याने ठेवलेल्या पिशवीची वरची कड. भिंत पांढरी आहे, पण सावलीत फिकट निळी दिसते आणि पायरीलगत तांबूस, कारण खालच्या शहाबादीवर ठेवलेल्या लाल डोअरमॅटचा रंग तिच्यावर चढला आहे.’ ही नोंद लिहायला दोन मिनिटे लागली, आणि त्या जिन्यावरून मी अकरा वर्षे ये-जा करत होतो.

वहीत उजेडाचे वर्णन करताना आपली भाषा फार उपयोगी पडते, हे मला उशिरा लक्षात आले. झुंजुमुंजू, कोवळे ऊन, टळटळीत दुपार, कलती उन्हे, तिन्हीसांज, कातरवेळ हे शब्द आपण सवयीने वापरतो, पण यातला प्रत्येक शब्द रंगाच्या दृष्टीने एक वेगळी रंगपाटी आहे. कोवळ्या उन्हात पिवळा असतो आणि सावल्या लांब व निळसर असतात. टळटळीत दुपारी रंग विटतात आणि सावल्या पायाशी गोळा होतात. तिन्हीसांजेला सावलीच उरत नाही, सगळीकडे एकसारखा निळा-जांभळा पसरतो आणि त्यात दुकानाचा एक दिवा केशरी होऊन बसतो. कवडसा आणि तिरीप यांतही फरक आहे: कवडसा जमिनीवर किंवा भिंतीवर पडलेला उजेडाचा तुकडा, तर तिरीप फटीतून आत येणारी रेघ. नोंदीत नेमका शब्द पडला की चित्राची मांडणी अर्धी ठरते.

येथे एक भौगोलिक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण फ्रेंच चित्रांच्या पुस्तकांवरून शिकणारे तिथेच फसतात. पॅरिस जवळजवळ ४९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, पुणे साडेअठरा अंशांवर. तिकडे हिवाळ्यात दुपारीसुद्धा सूर्य खाली असतो आणि उन्हाळ्यात संध्याकाळ रेंगाळते. आपल्याकडे सूर्य झपाट्याने डोक्यावर येतो आणि मावळल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत उजेड संपतो. मुंबई-पुण्याकडे मेच्या मध्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस एकेक दिवस असा येतो, की भर दुपारी उभ्या काठीची सावली दिसत नाही. म्हणून आपल्याकडे चित्राला बसण्याची वेळ साधारणपणे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत आणि संध्याकाळी साडेचारनंतर. पावसाळी ढगाळ दिवस याला अपवाद. तेव्हा दिवसभर उजेड एकसारखा राहतो, आणि नवशिक्याला तो फार सोयीचा असतो. ज्यांच्या घरात सकाळचे ऊन येत नाही त्यांनी उत्तरेकडची खिडकी धरावी. तिथला उजेड फारसा हलत नाही, फक्त मे ते जुलै या काळात सूर्य उत्तरेला सरकल्यामुळे तिथेही थोडे ऊन शिरते.

दुसरी पायरी: चौकट

दहा दिवसांनंतर वहीत वीसेक नोंदी झालेल्या असतात. त्यांतून चित्राजोगी नोंद निवडण्यासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्यावा आणि त्यात ८ सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरची खिडकी कापावी. आपण ८ इंच बाय १० इंचांच्या कॅनव्हास बोर्डावर काम करणार असल्यामुळे प्रमाण तेच राहते. हा कागद एका डोळ्यासमोर धरून पुढे-मागे सरकवला की अफाट पसाऱ्यातून एक तुकडा वेगळा होतो. मग डोळे किलकिले करून पाहावे. बारकावे पुसले जातात आणि उजळ, मध्यम व गडद असे तीन-चार मोठे डाग उरतात. ते डाग एकमेकांपासून स्पष्ट वेगळे दिसत असतील तर त्या तुकड्यात चित्र आहे. सगळे एकाच करड्या लगद्यात मिसळत असेल, तर विषय कितीही लाडका असला तरी सोडून द्यावा किंवा दुसऱ्या वेळेला येऊन पाहावे.

माझ्या मते नवशिक्याने पहिल्या दहा चित्रांत माणसे घेऊ नयेत. माणूस आला की डोळे, नाक, साडीचे काठ यांत मन अडकते आणि उजेड हातचा जातो. बाल्कनीत दोरीवर वाळत घातलेले कपडे, ओट्यावरचा स्टीलचा पेला, पावसाने भिजलेला स्कूटरचा सीट, तुळशीची कुंडी, फळीवरची पितळेची भांडी हे विषय निमूटपणे बसून राहतात. त्यातही स्टीलपेक्षा पितळ बरे. स्टीलमध्ये सगळ्या खोलीचे प्रतिबिंब पडते आणि नवशिका त्या प्रतिबिंबांच्या मागे लागून दमतो.

साहित्याविषयी, थोडक्यात

जितके कमी तितके बरे. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), कॅडमियम रेड, अलिझरिन क्रिमझन (गडद किरमिजी), अल्ट्रामरीन ब्लू, व्हिरिडियन (निळसर हिरवा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एवढे आठ रंग पुरतात. विद्यार्थ्यांसाठीच्या प्रतीचे रंग सुरुवातीला चालतात. पांढरा मात्र जरा चांगला घ्यावा, कारण तो सर्वांत जास्त लागतो. काळी ट्यूब विकत घेऊ नये. दृक्प्रत्ययवाद्यांनी काळ्याला शक्यतो दूरच ठेवले होते, आणि अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळून मिळणारा गडद रंग ट्यूबमधल्या काळ्यापेक्षा जिवंत दिसतो. ताठ केसांचे तीन चपटे ब्रश, साधारण ४, ८ आणि १० क्रमांकाचे, एक पॅलेट नाइफ, रंग पातळ करायला टर्पेन्टाइन, थोडे जवसाचे तेल आणि भरपूर जुनी फडकी. बस्स.

तिसरी पायरी: जुडी रंगवणे

आता मी एक चित्र कसे केले ते जवळून सांगतो, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यात येऊन जातात. फेब्रुवारीतल्या एका सकाळी मंडईतून आणलेली मेथीची जुडी ओट्यावर वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेली होती. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेची आहे. आठ वाजून गेले होते आणि ऊन जुडीच्या शेंड्यांवरून तिरपे जात होते. सुतळी बांधलेली, मुळांना माती, दोन-चार काड्या कागदाबाहेर आलेल्या. कॅनव्हास बोर्डावर आदल्या दिवशीच बर्न्ट सिएना टर्पेन्टाइनमध्ये पातळ करून फडक्याने पुसून घेतलेला होता. हे नेहमी करावे. पांढऱ्या पृष्ठभागावर कोणताही रंग गडद वाटतो आणि आपण घाबरून सगळे फिके करत जातो. तांबूस पार्श्वभूमीवर उजळ आणि गडद दोन्ही नीट जोखता येतात, आणि हिरव्या फटकाऱ्यांच्या फटींतून तो तांबूस डोकावला की हिरवा अधिक हिरवा दिसतो.

पहिली पाच मिनिटे पातळ अल्ट्रामरीनने ब्रशनेच तीन डागांच्या सीमा आखल्या: जुडी, कागद, ओटा. त्यानंतर लगेच सावली घेतली. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो, त्यामुळे अर्ध्या तासात सावलीची कड कागदावरच्या एका बातमीवरून दुसऱ्या बातमीवर जाते. ती आधी पकडून ठेवली नाही तर चित्रात दोन वेगवेगळ्या वेळांची ऊन-सावली एकत्र नांदू लागते. कागदावर पडलेली सावली मी करडी समजत होतो. डोळे किलकिले करून पाहिली तेव्हा ती जुडीजवळ हिरवट, मध्ये जांभळट आणि कडेला निळसर होती. अल्ट्रामरीन, थोडे क्रिमझन आणि पांढरा मिसळून मधला रंग केला, जुडीच्या बाजूला त्यात व्हिरिडियनचा अंश घातला.

यानंतर ओटा. आमचा ओटा काळ्या ग्रॅनाइटचा आहे, आणि येथेच माझी ओळखीची चूक होते. तो काळा आहे हे मला ठाऊक असते, म्हणून हात आपसूक गडद रंगाकडे जातो. प्रत्यक्षात त्या वेळी खिडकीतले आकाश त्यात उतरले होते आणि ओट्याचा बराचसा भाग कागदाच्या सावलीपेक्षाही उजळ, निळ्या-करड्या रंगाचा होता. लग्नपत्रिकेच्या कागदाला एक बारीक छिद्र पाडून त्यातून ओट्याचा तेवढाच ठिपका पाहिला तेव्हा विश्वास बसला. हा उपाय प्रत्येकाने करून पाहावा. छिद्रातून पाहताना ‘हा ओटा आहे’ हे विसरले जाते आणि नुसता रंग दिसतो.

मग मेथी. मेथी हिरवी असते, म्हणून एकच हिरवा मिसळून सगळी जुडी भरली तर शाळेतल्या तक्त्यासारखी दिसेल. ऊन ज्या पानांतून आरपार येत होते ती जवळजवळ लेमन यलोची होती, अगदी थोड्या व्हिरिडियनसह. ज्या पानांची पाठ आकाशाकडे होती ती निळसर, धुरकट, पांढरा मिसळलेली. जुडीच्या पोटात, सुतळीखाली, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचा गडद. देठ फिकट, मुळाकडे गुलाबी झाक. एकही पान आखले नाही. आठ नंबरच्या ब्रशवर भरपूर रंग घ्यायचा, फटकारा ठेवायचा आणि तो पुन्हा घासायचा नाही. घासला की शेजारचे दोन रंग मिसळून गढूळ होतात, आणि तैलरंग तासन्‌तास ओले राहत असल्यामुळे हा मोह शेवटपर्यंत सुटत नाही. दोन फटकाऱ्यांनंतर ब्रश फडक्याला पुसण्याची सवय हाताला लागली की निम्मी चित्रे वाचतात.

रंग पाटीवर मिसळण्याऐवजी कॅनव्हासवर शेजारी-शेजारी ठेवण्याचा हा प्रकार पुस्तकात वाचून पटकन उमगत नाही. मला तो धूपछाव पैठणीवरून कळला. त्या वस्त्रात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. जवळून दोन्ही वेगळे दिसतात, पदर हलला की तिसराच रंग चमकतो. शेजारच्या रंगामुळे रंग बदलून दिसतो, हे मिशेल-अजेन शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३९ सालच्या ग्रंथात पद्धतशीर मांडले, आणि गंमत म्हणजे तोही गोब्लँच्या विणकामशाळेत रंगविभाग सांभाळताना त्या प्रश्नाकडे वळला होता. काळा रंग फिका पडतो अशी तिथे तक्रार होती आणि दोष रंगात नसून शेजारच्या रंगांचा तो परिणाम आहे असे त्याला आढळले. साड्यांच्या दुकानात काठ-पदर जुळवणाऱ्या बायकांना हे शेव्हरलशिवाय ठाऊक असते.

वर्तमानपत्रावरची अक्षरे रंगवली नाहीत. उन्हातला कागद पांढऱ्यात किंचित यलो ऑकर घालून, मजकुराच्या जागी दोन-तीन राखी आडवे फटकारे. सर्वांत उजळ ठिपके शेवटी ठेवले: एका काडीच्या वळणावर, आणि मुळाजवळच्या पाण्याच्या थेंबावर. पंचेचाळीस मिनिटे झाली होती. ऊन मुळांवरून उतरून ओट्याच्या कडेला गेले होते. तिथे थांबलो. ऊन बदलल्यावरही रंगवत राहणे ही या पद्धतीतली सर्वांत महागडी चूक आहे. हवे तर त्याच वेळी दुसऱ्या दिवशी बसावे, नाही तर जे झाले ते तसेच ठेवावे.

चौथी पायरी: त्याच जागी पुन्हा

पहिले चित्र झाल्यावर बहुतेकजण नवा विषय शोधायला निघतात. माझा आग्रह आहे की निदान चार चित्रे त्याच जागेची करावीत, निरनिराळ्या वेळांची. मोनेने १८९०-९१ मध्ये जिव्हर्नी येथील आपल्या घराशेजारच्या शेतातल्या गंजींची सुमारे पंचवीस चित्रे केली. पहाट, दुपार, बर्फ, धुके, आणि गंजी त्याच. पुढच्याच वर्षापासून त्याने रुआँच्या कॅथीड्रलच्या दर्शनी भागाची तीसहून अधिक चित्रे केली, तीही बरीचशी समोरच्या इमारतींतून. त्याच मंडळींतल्या कामीय पिसारोचे उदाहरण तर घरात अडकून पडलेल्यांनी लक्षात ठेवावे असे आहे. उतारवयात डोळ्याच्या जुनाट दुखण्यामुळे त्याला वारा-धूळ सोसेना, तेव्हा १८९७ साली पॅरिसमधल्या एका हॉटेलची खोली घेऊन त्याने खिडकीतून बुलेव्हार मोंमार्त्रची चौदा चित्रे केली. सकाळ, पाऊस, धुके, उत्सवाची मिरवणूक, आणि एक रात्रीचे, दिव्यांचे. आपल्याकडे तिसऱ्या मजल्यावरच्या कोणत्याही गॅलरीतून रिक्षा, छत्र्या, ओला डांबरी रस्ता आणि त्यात उतरलेले दुकानांचे दिवे हा सगळा ऐवज पावसाळ्याचे चार महिने फुकट मिळतो.

ओला रस्ता रंगवताना एक सांगतो. प्रतिबिंबे उभी ओढावीत आणि ती वरच्या दिव्यापेक्षा किंचित मळकी ठेवावीत. नंतर कोरड्या ब्रशने एक-दोन आडवे फटकारे दिले की पाणी जमिनीवर पसरते.

पाचवी पायरी: घराबाहेर

बाहेर पडताना पहिल्यांदा किल्ले आणि घाटमाथे टाळावेत. मी एकदा मोठ्या थाटात ईझल, म्हणजे चित्र उभे ठेवायची घोडी, घेऊन सिंहगडावर गेलो होतो. वाऱ्याने ईझल पाडले, ओले चित्र तोंडावर गवतात पडले, आणि रंगात रुतलेल्या कुसळांसकट मी ते घरी आणले. त्याच आठवड्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये, एका ओल्या स्कूटरच्या निळ्या सीटवर पडलेल्या कवडशाचे जे चित्र झाले, ते अजून भिंतीवर आहे.

भाजी मंडई, एसटी स्टँड, नदीचा घाट, चहाची टपरी या जागा चांगल्या आहेत, कारण तिथे छप्पर असते, आणि छपराखालून बाहेरच्या उन्हाकडे पाहिले की उजळ-गडदाची मांडणी आयती मिळते. टपरीवाल्याला आधी विचारावे, चहा घ्यावा, वाटेत बसू नये. गर्दी मागे उभी राहतेच. ‘हे काय काढलंय?’ या प्रश्नाला उत्तर देताना ब्रश थांबवला की संपले. मान हलवावी आणि रंगवत राहावे. माणसे घ्यायचीच असतील तर ती दोन-तीन फटकाऱ्यांत घ्यावीत: डोक्याचा एक ठिपका, अंगाचा एक फटकारा, पायांसाठी निमुळता होत गेलेला एक. भाजीवाल्या मावशींच्या साडीचा नेमका रंग आणि त्यांच्या खांद्यावरचे ऊन साधले की त्या ओळखू येतात, नाक काढावे लागत नाही.

मोबाइलच्या फोटोबद्दल मी थोडा कडक आहे. कॅमेरा सावल्या काळ्या करतो किंवा आकाश जाळून पांढरे करतो, आणि आपल्याला नेमका सावलीतलाच रंग हवा असतो. फोटो काढावा, पण मांडणी आठवण्यापुरता. रंग वहीतल्या नोंदीवरून घ्यावेत. रात्रीच्या भेळेच्या गाडीचे चित्र असे नोंदीवरूनच करावे लागते, कारण अंधारात पाटीवरचा रंग ओळखू येत नाही.

इकडच्या चित्रकारांची कामेही पाहत जावीत. कोल्हापूरचे आबालाल रहिमान जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत गावी आले आणि कोटितीर्थ तलावाच्या परिसरात रमले. एकाच पाण्याकडे वर्षानुवर्षे पाहत राहण्याचे याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. नाझींच्या काळात मुंबईत आश्रयाला आलेले ऑस्ट्रियन चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांच्या झळझळीत रंगांचा प्रभाव इथल्या तेव्हाच्या तरुण चित्रकारांवर पडला. मूळ चित्र समोर असले की आधी दहा पावलांवरून पाहावे, मग एका हातावर जाऊन, आणि पुन्हा मागे येऊन. पुस्तकातल्या छपाईत फटकाऱ्याची जाडी कळत नाही.

चित्र झाल्यावर

तैलरंग पाण्यासारखे वाळत नाहीत. त्यातल्या तेलाचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन ते घट्ट होतात. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो, जाड फटकाऱ्यांना काही आठवडे लागतात, आणि दमट हवेत त्याहून जास्त. वॉर्निश लावायला सहा महिने ते वर्षभर थांबावे. दुसऱ्या बैठकीत पुन्हा रंगवायचे असेल तर खालचा थर टर्पेन्टाइनने पातळ केलेला आणि वरचा अधिक तेलकट असावा, नाही तर पुढे तडे जातात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चित्र भिंतीला चिकटवून किंवा पेटीत बंद करून ठेवू नये, बुरशी धरते. मागून हवा खेळेल असे उभे करावे. टर्पेन्टाइन वापरताना खिडकी उघडी असावी, ब्रश कधीही तोंडात धरू नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण ती वाळताना आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून, झाकणाच्या डब्यात ठेवून मग फेकावीत.

प्रत्येक चित्राच्या पाठीवर पेन्सिलने तारीख, वेळ, खिडकीची दिशा आणि उजेडाचा शब्द लिहून ठेवावा. वर्षभराने तीच जागा पुन्हा रंगवायला बसताना या ओळीचा उपयोग होतो. माझ्या त्या बोर्डाच्या मागे लिहिले आहे: ‘६ फेब्रुवारी, सकाळी ८.१० ते ८.५५, पूर्वेची खिडकी, कोवळे ऊन. जुडी दुपारी भाजीला गेली.’